रिकाम्या पोटाचं गणित

येरळाकाठ विद्यापीठाच्या संशोधन दिनाची रांगोळी या वर्षी यकृताची होती.

जीवशास्त्राच्या मुलींनी सभागृहाच्या दारात यकृतातल्या रासायनिक क्रियांचं अख्खं जाळं काढलं होतं. ग्लुकोज पिवळं, इन्शुलिन जांभळं, बाण पांढरे. एक बाण उलटा पडला होता, त्यामुळे त्या यकृतात साखर नुसती साठतच राहिली असती. पण रंग इतके झकास जमले होते की परीक्षकांनी तिथल्या तिथे पहिला नंबर देऊन टाकला.

केतकी लोंढे ती रांगोळी ओलांडून पळत आत गेली. पळण्यासारखाच दिवस होता. 'जीवसंस्थांची संगणकीय प्रतिमानं' हा आजचा विषय, आणि त्यातला सगळ्यात मोठा आयटम तिचा होता: प्रतिदेह. दुपारी कुलगुरू करारावर सही करणार. सही झाली की जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात, मधुमेहाच्या प्रत्येक पेशंटच्या दंडावर प्रतिदेहाची चकती लागणार. केतकीचा प्रबंध मार्गी लागणार आणि विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात कायमची नोकरीसुद्धा. काल रात्रीपासून ती पोस्टर चिकटवत होती. जेवण, नाश्ता, चहा, सगळं राहिलं होतं.

प्रतिदेह म्हणजे काय, हे ती आईला असं समजावून सांगायची: "समज, अंगात हजारो टाक्या आहेत. साखरेची टाकी, चरबीची टाकी, इन्शुलिनची टाकी. एका टाकीतून दुसरीत जायला नळ. कुठला नळ कधी किती उघडतो, याचं एकेक गणित. ती सगळी गणितं कॉम्प्युटरवर एकदम सोडवली की पडद्यावर तुझ्यासारखंच एक शरीर चालायला लागतं. दंडावरची चकती तुझ्या अंगातली खरी साखर सारखी मोजत राहते आणि त्याला कळवते. फरक एवढाच, की ते शरीर तुझ्या काही तास पुढे असतं. तू संध्याकाळी चक्कर येऊन पडणार असशील, तर ते दुपारीच पडून मोकळं होतं."

"मग त्याला पडू दे की," आई म्हणायची. "मला कशाला सांगतंय?"

आप्पा मात्र प्रतिदेहाच्या प्रेमात होते. साखर कारखान्यात आयुष्यभर चिटबॉय म्हणून उसाच्या नोंदी घेत शेताशेतातनं हिंडलेला माणूस, निवृत्त झाल्यावर मधुमेहाच्या गोळ्या आणि दुधीचा रस यांच्या तावडीत सापडला होता. मागच्या दिवाळीत केतकीने त्यांच्या दंडावर चकती लावली आणि त्यांचे दिवस पालटले. चकती दिवसातनं चार-पाचदा टुणटुणायची: 'साखर धोकादायक कमी. त्वरित काही खा.' आप्पा आज्ञाधारक. आई दुधी घेऊन आली की दंड पुढे करायचे. "हे बघ. लेकीचं शास्त्र आहे. तुझ्या यूट्यूबचं नाही." सहा महिन्यांत त्यांचे सगळे सदरे टेलरकडे जाऊन आले.

आज ते खास तासगावहून लेकीचं कौतुक बघायला आले होते आणि शेवटच्या रांगेत बसून डब्यातला शेंगदाण्याचा लाडू खात होते.

"आप्पा, सकाळी नाश्ता केला ना तुम्ही?"

"केला की. पण हे वाजलं." त्यांनी दंड दाखवला. "भूक नाही गं, पण शास्त्रापुढं आपण कोण?"

केतकीने स्वतःचा दंड बघितला. तिच्या चकतीवर लाल दिवा होता. तिने मोबाइल काढला. चकतीने साखर मोजली होती पंच्याऐंशी. रात्रभर काही न खाल्लेल्या निरोगी बाईची असावी तितकीच. आणि त्याच आकड्याखाली प्रतिदेहाने लिहिलं होतं, 'गंभीर उपासमार.'

ती थबकली. आजवर चकती वाजली की तिनेही बिस्कीट खाल्लं होतं. सगळेच खायचे. आकडा बघत कोण बसतंय?

"तुमच्या सरांची ही कल्पना बाकी भारी होती," आप्पा लाडू संपवत म्हणाले. "मी त्या पहिल्या रक्ततपासणीलाही आलो होतो ना. अंगारकीचा दिवस. काय सोय ठेवली होती! तसली साबुदाण्याची खिचडी मी परत खाल्ली नाही. सरांच्या मिसेसनी जातीनं केली होती. वर दही, रताळ्याचा कीस."

"हो, मस्त होती," केतकी म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "आप्पा, ती आपण कधी खाल्ली? रक्त दिल्यावर ना?"

"छे! आधी. उपवासाची माणसं, रक्त काढताना भोवळ यायला नको म्हणून."

केतकी शेजारच्या खुर्चीत बसली.

कुठल्याही तराजूला आधी शून्य लागतं. प्रतिदेहाचं शून्य म्हणजे रिकामं पोट. काहीही न खाल्लेल्या माणसांचं रक्त तपासायचं, आणि त्यावरून हजारो नळ मुळात किती उघडे असतात ते ठरवायचं. त्यासाठी शे-दीडशे उपाशी माणसं हवी होती. डॉ. सरनाईक, म्हणजे केतकीचे गाइड, त्यांनी चुटकी वाजवून सांगितलं होतं, "अंगारकी! अर्धं गाव आयतंच उपाशी." बरोबर चाळीस संशोधक होते, त्यातले नऊ डॉक्टरेट. रक्त द्यायला आलेल्या प्रत्येकाला विचारलं, "काही खाल्लंय का?" प्रत्येकाने हातातली खिचडीची बशी खाली ठेवून, तोंड पुसून, अगदी खरं उत्तर दिलं, "नाही हो, उपवास आहे." आणि विचारणाऱ्यानेही, स्वतःची बशी खाली ठेवून, ते लिहून घेतलं. कुणाला खटकलं नाही. केतकीने तर दोनदा घेतली होती.

म्हणजे प्रतिदेहाच्या मते रिकामं पोट म्हणजे साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट आणि तुपाने भरलेलं पोट. खरोखर रिकामं पोट त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. ते दिसलं की ते घाबरायचं आणि म्हणायचं, खा. आता दुपारी सही झाली की ते जिल्ह्यातल्या प्रत्येक मधुमेह्याला म्हणणार होतं, खा.

तिने पुढच्या रांगेत सरांना गाठलं. सर सुटात होते, छातीवर बिल्ला. तिने सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं.

"केतकी, खिचडी हा फराळ आहे."

"सर, यकृताला ते माहीत नाही."

सरांनी आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाले, "कार्यक्रम होऊ दे. नंतर दुरुस्त करू. आवृत्ती दोन."

"सर, लोक खातील. डायबेटिसची माणसं. आमचे आप्पाच बघा."

"आप्पांची तब्येत चांगली सुधारलेली दिसते," सर म्हणाले. तेवढ्यात कुलगुरू आले आणि सर शाल शोधायला पळाले.

सूत्रसंचालन एका बोलक्या यंत्राकडे होतं. त्याने कुलगुरू डॉ. धनवडे यांचा 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व' म्हणून परिचय करून दिला, सरनाईकांचाही तसाच, आणि मध्येच उठलेल्या साउंडवाल्याचाही. मग कुलगुरूंच्या दंडावर चकती लावली. कुलगुरू रोज सकाळी फिरायला जाणारे, बिनसाखरेच्या चहावर असणारे, शिस्तीचे गृहस्थ. मोठ्या पडद्यावर त्यांचा प्रतिदेह उभा राहिला, दोन मिनिटं चालला आणि धाडकन आडवा पडला. खाली अक्षरं आली: 'वीस मिनिटांत भोवळ.'

सभागृहात एकच आवाज उठला. कुलगुरूंनी खुर्चीचा हात धरला. "मला... जरा तसं वाटतंयच," ते म्हणाले.

मग जे झालं त्याला चेंगराचेंगरी म्हणता येणार नाही, कारण सगळे प्राध्यापक होते. रजिस्ट्रारनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. कुणी सत्काराचा नारळ मंचाच्या कडेवर फोडला, त्याचं पाणी दीपप्रज्वलनाच्या समईवर गेलं आणि समई विझली. गृहविज्ञानच्या विभागप्रमुखांनी पर्समधनं राजगिऱ्याची वडी काढली. कुलगुरूंनी डोळे मिटून पाच पेढे खाल्ले. पडद्यावरचा प्रतिदेह उठून बसला, मग उभा राहिला. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

"वेळीच इलाज झाला!" सरनाईक माइकवर गरजले. "यंत्र नसतं तर आज काय झालं असतं?"

काहीच झालं नसतं, केतकीच्या मनात आलं. पण हे दाखवायचं कसं? यंत्र म्हणतं खा, माणूस खातो, आणि पडत नाही म्हणून यंत्र बरोबर. सहा महिन्यांत न खाऊन बघितलंच नव्हतं कुणी.

कराराची फाइल मंचावर आली. कुलगुरूंनी पेढ्याचा हात पुसून पेन घेतलं.

केतकी मंचावर चढली आणि तिने पडद्याची वायर स्वतःच्या चकतीला जोडली. तिचा प्रतिदेह आला, डुगडुगला आणि कोसळला. 'पाऊण तासात शुद्ध हरपेल.'

"सर, पाऊण तास थांबा," ती कुलगुरूंना म्हणाली. "मी कालपासून काही खाल्लं नाहीये. आता इथेच उभी राहते. काही खाणार नाही, पाणीच पिईन. मी पडले तर सही करा."

कुलगुरूंचं पेन वरच्या वर राहिलं.

सरनाईक पेढा घेऊन धावले. "केतकी, वेडेपणा करू नकोस. एक घास."

"नको सर."

"अर्धा."

"नाही."

सभागृहाच्या दारात विद्यार्थी संघटनेचा संग्राम पिसाळ फोन बघत उभा होता. विज्ञानाशी त्याचा संबंध पार्किंगपुरता. त्याने मान वर केली तेव्हा त्याला एवढंच दिसलं: संशोधक बाई मंचावर, समोर कुलगुरू, हातात फाइल, आणि बाई म्हणते आहे, खाणार नाही. असल्या दृश्याचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दहा मिनिटांत मागच्या दाराने साठ पोरं आत आली आणि मंचापुढे मांडी घालून बसली.

"केतकीताई आगे बढो!"

"हम तुम्हारे साथ हैं!"

संग्राम मंचावर आला. "ताई, मागण्या काय आहेत?"

"मागणी-बिगणी काही नाही रे. हा प्रयोग आहे."

संग्राम वळून ओरडला, "प्रयोग झालाच पाहिजे!"

"झालाच पाहिजे!" साठ पोरं.

"साखळी करायची का?" त्याने तिच्याकडे वळून विचारलं. "म्हणजे तुम्ही दमलात की मी बसतो, मग सचिन. फक्त माझा आज डबा आहे, तर मी दोननंतर."

शेवटच्या रांगेतनं आप्पा उठले. हातात डबा, चेहरा घामेजलेला. ते पायऱ्या चढून वर आले आणि सगळ्या सभागृहादेखत लेकीपुढे लाडू धरला.

"केतके, खा गं. लाल दिवा लागलाय तुझा. माझ्यासाठी खा."

"आप्पा, तो दिवा खोटा आहे."

"खोटा कसा? तूच लावलास." इतक्यात त्यांच्याही दंडावर टुणटुणलं. लाल. आप्पांनी एकदा दंडाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "मी तुझं ऐकू, का तुझ्या यंत्राचं?"

सहा महिने तिने बापाला फोन केला की विचारलं होतं ते चकतीबद्दल. बॅटरी आहे का, आकडे येताहेत का. तुम्हाला कसं वाटतंय, हे विचारायचं यंत्रावर सोडून दिलं होतं.

तिने त्यांची चकती मोबाइलवर तपासली. खरी साखर एकशे ऐंशी. खिचडी खाल्लेल्या मधुमेह्याच्या मानाने यंत्राला तीही कमीच वाटत होती. भीती कमी साखरेची नव्हतीच.

"माझं ऐका," ती म्हणाली. "तुमची साखर कमी नाही, चढलेली आहे. डबा बंद करा आणि बसा माझ्या शेजारी. काही होणार नाही. काही वाटलंच तर मी इथेच आहे."

आप्पांनी झाकण लावलं. फार नाखुशीने लावलं, पण लावलं. आणि मंचावर, कुलगुरूंच्या पायाशी, मांडी घालून बसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "आप्पा आगे बढो!"

वेळ चालली होती. पडद्यावरचा केतकीचा प्रतिदेह रंग बदलत होता. पिवळा, नारिंगी, लाल. सभागृहात कुणी हलत नव्हतं. शेवटचं मिनिट आलं तेव्हा सरनाईकांनी डोळे मिटले. गृहविज्ञानच्या मॅडम वडी घेऊन उडी मारायच्या पवित्र्यात होत्या.

मिनिट संपलं. 'शुद्ध हरपली,' पडद्याने जाहीर केलं.

शांतता. आणि त्या शांततेत केतकीचं पोट गुरगुरलं. माइक चालू होता. तो आवाज चारही स्पीकरमधून, बाल्कनीपर्यंत, स्वच्छ ऐकू गेला.

"ही भूक आहे," केतकी म्हणाली. "एवढंच आहे. ही सगळ्यांना लागते. आपलं यंत्र हिला ओळखत नाही, कारण आपण ही त्याला कधी दाखवलीच नाही." आणि तिने अंगारकीची गोष्ट सांगितली. बशा, दही, रताळ्याचा कीस, सगळं. आपण दोनदा घेतली तेही.

ती बोलत होती आणि मागे पडदा तिचा रक्तदाब शून्याकडे नेत होता.

तिला वाटलं, आता प्रश्न विचारतील. विचारले. मराठी विभागाचे एक प्राध्यापक उठले. "म्हणजे साबुदाणा उपवासाला चालत नाही, असं विज्ञान म्हणतं का?"

"चालत नाहीच मुळी!" मागून कुणीतरी. "आमच्याकडे वरीच लागते."

"वरी तर भातच झाला!"

"बटाटा चालतो, तर वांग्यानं काय घोडं मारलंय?"

मग पंधरा मिनिटं सभागृहात जे रणकंदन झालं, तसं त्या विद्यापीठात कुठल्याच संशोधनावर झालेलं नव्हतं. सूत्रसंचालक यंत्राने दोन्ही बाजूंना अष्टपैलू म्हटलं. मंचावर सरनाईक घोकत होते, "ती फराळात मोडते, फराळात." यकृताबद्दल कुणीही काही बोललं नाही. केतकीचे पाय आता खरंच दुखायला लागले होते. सगळं वाया गेलं, ती मनात म्हणाली. दहा मिनिटांत सही होईल आणि सगळे जेवायला जातील.

पण कुलगुरूंचं खिचडीच्या वादाकडे लक्ष नव्हतं. ते मंचापुढच्या साठ पोरांकडे बघत होते. कुलगुरूंच्या कारकिर्दीत अशी मांडी घालून बसलेली पोरं पुष्कळ येऊन गेली होती, आणि पुढे काय करायचं ते त्यांना पाठ होतं. त्यांनी रजिस्ट्रारना खूण केली. रजिस्ट्रार गेले आणि मोसंबीच्या रसाचा ग्लास घेऊन आले. फोटोग्राफर आपसूक पुढे सरकला.

"लोंढे मॅडम," कुलगुरू भारदस्त आवाजात म्हणाले, "प्रशासन संवेदनशील आहे. आपल्या मागण्या तत्त्वतः मान्य आहेत."

"सर, मागण्या नाहीत, मी फक्त..."

"ताई!" संग्राम दातओठ खात कुजबुजला. "तत्त्वतः म्हणजे नाही! लेखी घ्या. तोंडी घेऊन उठलं की संपलं."

केतकीने त्याच्याकडे बघितलं. मग ग्लासकडे. तिच्या ध्यानात आलं, की पाऊण तास उभं राहून जे कुणाला पटलं नाही, ते आता आपोआप मिळत होतं. ती मंचावर खाली बसली. अगदी पद्धतशीर मांडी घालून.

"लेखी द्या," ती म्हणाली. "एक, करार स्थगित. दोन, आजपासून सगळ्या चकत्यांचा आवाज बंद. तीन, रिकाम्या पोटाची तपासणी नव्याने. रिकामं म्हणजे रिकामं. खिचडी नाही, वरी नाही, राजगिरा नाही, केळं नाही."

"आणि हॉस्टेलचा गीझर!" संग्रामने घुसवलं.

"आणि हॉस्टेलचा गीझर."

कुलगुरूंनी त्याच कराराच्या फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर सगळं लिहिलं आणि सही केली. रजिस्ट्रारनी शिक्का मारला. तो त्यांच्या खिशातच होता. पोरांनी छत उडेल असा गजर केला. केतकीने कुलगुरूंच्या हातून रस घेतला, फोटोसाठी दोनदा. मोसंबी आंबट होती. पडद्यावर तिचा प्रतिदेह मेल्याला बराच वेळ झाला होता, त्यामुळे रसाची नोंद घ्यायला कुणी नव्हतं.

सभागृह जेवायला रिकामं झालं. सरनाईक पहिल्या रांगेत एकटेच बसले होते, बिल्ला हातात.

"पाच वर्षं, केतकी," ते म्हणाले. "तुझा प्रबंध. ती जागा."

"हो सर."

"परत सगळं पहिल्यापासून."

"हो."

सर बिल्ला फिरवत राहिले. "मिसेसना यातलं काही बोलू नकोस. खिचडी चुकली असं वाटेल तिला. खिचडी चांगलीच होती."

"फार छान होती, सर," केतकी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

बाहेर व्हरांड्यात आप्पा कठड्याला टेकून उभे होते. गप्प केलेली चकती दंडावर तशीच होती, पण ते तिकडे बघत नव्हते. पोटावर हात ठेवून, मान जरा कलती करून, ते काहीतरी लांबचं ऐकत असल्यासारखे दिसत होते. केतकी लगबगीने जवळ गेली.

"आप्पा? काय होतंय? चक्कर?"

"नाही गं." ते जरा लाजले. "भूक लागलीय. खरीखुरी. दिवाळीपासनं लागलीच नव्हती बघ. लागायच्या आधीच ते वाजायचं."

"मग चला. कॅन्टीनला आत्ता गर्दी कमी असेल. साधी भाकरी-भाजी घेऊ."

"चल," ते म्हणाले. केतकी निघाली. आप्पा मात्र जागचे हलले नाहीत. उसाच्या फडातनं उन्हातान्हात हिंडून दुपारी घरी येणाऱ्या माणसाच्या तोंडावर जे असतं, ते त्यांच्या तोंडावर आलं होतं.

"थांब जरा," ते म्हणाले. "लागू दे थोडी."